पोराला नको, शेजाऱ्याला हवं: बायबल कुणी आणि कशासाठी वाचावं?

या आठवड्याचं पत्र जालन्याहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"आम्ही चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडं रात्री जेवणाआधी प्रार्थना आणि पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायची पद्धत आहे. मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंग करून आता इथंच नोकरीला लागलाय. नाताळ झाल्यावर एक दिवस म्हणाला, 'मम्मी, माझा यावर विश्वास उरलेला नाही, मी उद्यापासून वाचनाला बसणार नाही.' त्याचे पप्पा म्हणाले, 'माझ्या घरात राहायचं तर बसावं लागेल.' तेव्हापासून बापलेकांचं बोलणं तुटल्यासारखंच आहे. दुसरीकडं आमच्या शेजारचे गुरुजी. माळकरी माणूस, पंढरीची वारी चुकवत नाहीत. रिटायर झाल्यापासून सारखं वाचत असतात. परवा त्यांनी माझ्याकडं बायबल मागितलं. मी 'बघते, सापडलं की देते' म्हणून वेळ मारून नेली. दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. उद्या कुणी म्हणालं, हिनं गुरुजींना बाटवायला पुस्तक दिलं, तर? ज्याला द्यायचं तो घेत नाही आणि जो मागतोय त्याला द्यायची भीती वाटते. खरं सांगू का, मी स्वतः रोज वाचते, पण डोळे ओळींवरून फिरतात आणि मन चुलीवरच्या भाकरीत असतं. ज्याचा विश्वास नाही किंवा ज्याचा धर्म वेगळा आहे, त्यानं हे पुस्तक वाचावं तरी कशासाठी? मुलाला काय सांगू?"

ताई,

आधी गुरुजींचं बघू, ते सोपं आहे. त्यांना बायबल द्या. आणि चोरून देऊ नका. दुपारी त्यांच्या ओसरीवर जा, घरातली सुनबाई, नातवंडं समोर असताना द्या आणि मोकळेपणानं सांगा, "गुरुजी, तुम्ही मागितलं होतं, वाचून झालं की परत करा." पुस्तकात पत्रक, खुणेची पट्टी, "हे अवश्य वाचा" असली चिठ्ठी काही ठेवू नका. स्वतःहून मागितलेलं पुस्तक वाचायला देणं वेगळं आणि कुणाचा धर्म बदलायला बघणं वेगळं, हे गुरुजींना चांगलं ठाऊक आहे. तुमच्या मनात दुसरा हेतू नसेल तर तुम्ही ताठ मानेनं देऊ शकता. हेतू असेल तर मात्र देऊ नका, कारण मग ते पुस्तक राहत नाही, गळ होतो. आणि येताना त्यांच्याकडची ज्ञानेश्वरी किंवा नाथांचं भागवत मागून आणा. त्यांनी तुमचं वाचायचं आणि तुम्ही त्यांचं नाही, हे शेजारधर्माला शोभत नाही.

गुरुजींनी बायबल वाचण्यात नवल काहीच नाही. पैठणच्या नाथांनी ज्या ओवीत भागवत सांगितलं, त्याच ओवीत इंग्लंडहून गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी 1616 साली क्रिस्तपुराण छापलं आणि त्यात मराठीला भाषांमधला हिरा म्हटलं. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. तिकडून इकडे जाणारा पूल इकडून तिकडेही नेतो. विनोबांनी ख्रिस्ती न होता ख्रिस्तधर्माचं सार काढून लिहिलं. तुमच्या जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव तर धर्मगुरू नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात वसवलेलं. बायबल या भागाला परकं पुस्तक नाही, आपण ते एका आळीपुरतं करून ठेवलं एवढंच.

आणि महात्मा फुले! सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. बाई बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून तो धर्म घेते, नवरा जुना आणि नवा करार वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो, आणि चौघं एकमेकांचा हेवा न करता एकाच घरात सुखानं राहतात. जोतीराव गेल्यावर 1891 साली हे पुस्तक छापलं गेलं. तुमच्या घरात चार धर्म नाहीत. एक मुलगा फक्त "पटत नाही" म्हणतोय. तेवढ्याला जागा व्हायला हवी.

मी ख्रिस्ती नाही. बायबल मात्र अनेकदा वाचलं आहे, कधी श्रद्धेनं, कधी भांडत. त्यामुळे "कशासाठी वाचावं" याचं उत्तर पुस्तकातूनच देते.

बायबलातलं रूथचं पुस्तक घ्या. चार अध्याय, अर्ध्या तासाचं वाचन. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. अलीमलेख नावाचा माणूस बायको नामी आणि दोन पोरांना घेऊन पोटासाठी मवाब देशात जातो. तिथं तो मरतो. पोरांची लग्नं तिथल्याच मुलींशी होतात आणि दहाएक वर्षांत दोन्ही पोरंही जातात. उरतात तीन विधवा. गावाकडं पीकपाणी झालं असं कळल्यावर नामी परत निघते, सुनांना म्हणते, माहेरी जा, माझ्याकडं आता तुम्हाला द्यायला काही नाही. एक रडत रडत जाते. दुसरी, रूथ, सासूला सोडत नाही. गावात शिरताना बायका विचारतात, ही नामीच ना? ती म्हणते, मला आता नामी म्हणू नका, भरलेली गेले होते, रिकामी आले. बीडहून, पाथरीहून ऊसतोडीला गेलेली टोळी परतते तेव्हा वेशीवर कुणाच्या तोंडून हे वाक्य निघत नसेल?

पुढचं जरा सावकाश वाचा. सातूची कापणी चाललेली असते. रूथ परक्याच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागं मागं सरवा वेचते. हा तिचा हक्क होता. नियमशास्त्र सांगतं की शेत बांधापर्यंत कापू नका, पेंढी विसरली तर आणायला माघारी फिरू नका, ती उपऱ्याची, अनाथाची, विधवेची. शेतमालक बवाज तिला विचारतो, जेवणाच्या वेळी बोलावून भाजलेलं धान्य देतो, म्हणजे आपला हुरडाच म्हणा. गड्यांना दोन गोष्टी बजावतो: हिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, आणि पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली सांडू द्या. संध्याकाळी घरी आल्यावर सासू म्हणते, त्याच्याच शेतात जात जा पोरी, दुसरीकडं कुणी त्रास देईल. मजुरीला जाणाऱ्या बाईच्या मनात दिवसभर जी धास्ती असते ती इतक्या जुन्या पुस्तकात एका ओळीत आली आहे. तुमचा मुलगा देव मानो न मानो, ही ओळ खरी आहे.

आता यातलं भांडण बघा. नियमशास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात लिहिलंय की मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत घ्यायचं नाही. आणि रूथ मवाबी आहे! तिचा पणतू कोण? दावीद राजा. म्हणजे एका पानावर दार लावलंय आणि दुसऱ्या पानावर त्याच दारातून आलेली सून राजघराण्याची पणजी झाली आहे. मुलाला यात विसंगती दिसेल. त्याला म्हणा, दिसलीच पाहिजे. बायबल हे एकाच माणसानं एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक नाही. तुमच्याकडच्या प्रतीत 66 पुस्तकं असतील, कॅथलिकांच्या प्रतीत 73. हिब्रू, थोडी अरामी आणि ग्रीक, शेकडो वर्षांच्या काळात लिहिलेली. त्यांचा आपसात वाद चालतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी झाडं, जनावरं आणि शेवटी माणूस, पुरुष आणि स्त्री बरोबरच. दुसऱ्यात आधी पुरुष, मग झाडं, जनावरं, आणि सर्वांत शेवटी बाई. येशूची वंशावळ देताना मत्तय योसेफाच्या बापाचं नाव याकोब सांगतो, लूक एली सांगतो. हे तुमच्या मुलानं कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलं असेल. ऐकीव माहितीवर पुस्तक टाकून देणं आणि ऐकीव माहितीवर ते डोक्यावर घेणं, दोन्हीत कष्ट वाचतात. त्याला नाकारायचं असेल तर वाचून नाकारू द्या. इंजिनिअर आहे, इतकं तर त्याला पटेल.

त्याला देवाची गोडी नसली तरी न्यायाची असेल. त्या वयात असतेच. त्याला नहेम्याचा पाचवा अध्याय दाखवा. इराणी बादशहाच्या अमलातलं यरुशलेम. लोक ओरडत येतात: दुष्काळात दाण्यांसाठी शेतं, मळे, घरं गहाण टाकली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, आता पोरी दासी म्हणून द्यायची वेळ आली, आणि सावकार कोण, तर आमचेच भाऊबंद. तिथला सुभेदार नहेम्या संतापतो. सभा भरवतो, सावकारांना तोंडावर विचारतो आणि सांगतो, आजच्या आज शेतं, मळे, घरं परत करा, व्याजही परत करा. ते कबूल होतात तेव्हा तो आपल्या अंगरख्याचा ओचा झटकून दाखवतो: जो शब्द मोडेल त्याला देव असाच झटकून टाको. मराठवाड्यातल्या कुठल्या तालुक्यात हा अध्याय मोठ्यानं वाचला तर लोकांना समजावून सांगावा लागेल?

किंवा संदेष्टा आमोस. मेंढरं राखणारा, उंबरासारखी फळं पिकवणारा माणूस. तो देवाच्या नावानं म्हणतो की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. जोड्याच्या मोलानं गरिबाला विकणाऱ्यांवर, तराजूत लबाडी करणाऱ्यांवर तो तुटून पडतो. देवळाचा पुजारी त्याला म्हणतो, इथून चालता हो, हे राजाचं देवस्थान आहे. न्यायाची तीच ओळ मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 साली वॉशिंग्टनच्या भाषणात घेतली. गुरुजींना आमोस फार आवडेल असं मला वाटतं. कर्मकांडावर कोरडे ओढणारे आपलेही संत त्यांना पाठ असतील.

आणि एक गोष्ट मुलाला आणि त्याच्या पप्पांना दोघांनाही सांगा. 1807 साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास निवडलेलं. त्यातून मोशेनं आपल्या लोकांना मिसरच्या गुलामगिरीतून सोडवून नेल्याची गोष्टच काढून टाकली होती. धन्याचं ऐका, हे मात्र ठेवलं होतं. ज्यांना दुसऱ्याला दाबून ठेवायचं असतं ते पुस्तक जाळत नाहीत, त्यातलं सोयीचं निवडून देतात. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: वाचायचं तर अख्खं वाचा, अख्खं वाचू द्या. पोराला निवडक वचनं पाठवू नका. मोबाईलवर रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या चित्रावरच्या वचनानं कुणाचा विश्वास परत येत नाही.

अख्खं म्हणजे नकोसं वाटणारंही. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो पडल्यावर बाया, लेकरं, म्हातारी, बैल, मेंढरं सगळी कापली जातात. 'शास्ते' या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एका बाईचं जे होतं ते वाचून रात्रीची झोप जाते. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात बाईनं शिकवू नये, गप्प राहावं असं आहे. मुलगा हे समोर ठेवेल तेव्हा घाईनं बचाव करू नका. "मलाही हे वाचवत नाही" म्हणालात तरी चालेल. आणि त्याच तीमथ्याच्या पत्राचंही मराठी भाषांतर एका बाईनं केलं आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या तोवर हे काम चालू होतं आणि छपाई केडगावच्या मुक्ती सदनातच झाली. गप्प राहा म्हणणारं वाक्य त्यांनी वगळलं नाही, आणि त्या गप्पही राहिल्या नाहीत.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंत की डोळे ओळींवरून फिरतात. विश्वास असलेल्या माणसाचं हे होतंच, कारण त्याला वाटतं, आत काय आहे ते मला माहीत आहे. गुरुजी पहिल्यांदा वाचतील तेव्हा अडखळतील, विचारतील. तसं अडखळायचं असेल तर ईयोब उघडा. त्याचं सगळं जातं: गुरं, पोरंबाळं, शेवटी अंगाची कातडी. तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. इतकं चांगलं त्यांनी पुढं काहीच केलं नाही. बोलायला लागतात आणि बिघडतं. तू काहीतरी पाप केलं असशील, देव अन्याय करत नाही, कबूल कर, पदरात घेईल. सगळं देवाच्या बाजूचं बोलणं. ईयोब मात्र देवाला थेट जाब विचारतो, जन्मलेल्या दिवसाला शिव्या देतो, माझा खटला उभा करा म्हणतो. आणि शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत.

ताई, यावर थांबा. देवाची तरफदारी करणारे चुकले आणि भांडणारा बरोबर ठरला, असं तुमच्याच शास्त्रात लिहिलंय. ईयोबाला कारण मात्र शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. ज्या घरात कर्त्या माणसानं कर्जापायी जीव दिला, त्या घरी जाऊन "कर्माचे भोग" म्हणणारे लोक आपण पाहिलेत. त्यांना मी ईयोबाच्या मित्रांचे अध्याय वाचायला देईन, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. आणि तुमचा मुलगा आज ज्या जागी उभा आहे ती जागा पुस्तकाच्या बाहेर नाही. स्तोत्र 88 वाचा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी आशेकडं वळतात, हे अंधारातच संपतं. कुणीतरी ते काढून टाकायचं ठरवू शकलं असतं. ठेवलं.

तुमच्या साहेबांना, म्हणजे मुलाच्या पप्पांना, काय सांगायचं, तेही सांगते. जोरानं बसवलेला मुलगा वाचत नाही, मिनिटं मोजतो. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप पोराचा वाटा देतो आणि त्याला जाऊ देतो, दाराला कडी लावत नाही. उपदेश करायला मागं धावत नाही, परत येताना लांबून दिसल्यावर धावतो. त्या गोष्टीत थोरला मुलगाही आहे, घरातच राहिलेला, आज्ञाधारक आणि आतून जळणारा. बाप त्याच्यासाठीही अंगणात येऊन विनवतो. तो आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही. त्यांनी लूकचा 15वा अध्याय यावेळी थोरल्याच्या जागी बसून वाचावा, एवढी विनंती माझ्याकडून करा.

तर रात्रीचं वाचन तुम्ही दोघं चालू ठेवा. मुलाला त्यातून मोकळं करा, पण जेवायला सगळे एकत्र बसा. त्याला घरातली आजोबांची प्रत देऊ नका, ती जपायची वस्तू आहे आणि तिला तो हात लावायला बिचकेल. सोप्या मराठीतली साधी प्रत आणा आणि पेन्सिलही द्या. समासात हवं ते लिही म्हणा, "हे खोटं वाटतं" असंही. आणि त्याच्या गैरहजेरीत ती उघडून बघू नका.

सुरुवात पहिल्या पानापासून नको. लेवीय आणि गणना या सुरुवातीच्या पुस्तकांत भले भले बसतात. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की उत्पत्तीच्या पुढची प्रकरणं वाचताना त्यांना हटकून झोप यायची, आणि येशूचं डोंगरावरचं प्रवचन मात्र थेट काळजाला भिडलं. मुलासाठी नहेम्याचा पाचवा अध्याय आणि आमोस, मग मार्क. मार्क हे सगळ्यात छोटं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कहाणी, 16 अध्याय, एका रविवारच्या दुपारी होतं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते 16व्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर तुटतं: बाया कबरेपासून पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. पुढच्या ओव्या नंतर जोडल्या गेल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याला हे सांगा, त्याला आवडेल. गुरुजींसाठी रूथ, स्तोत्रं आणि मत्तयाचे पाच ते सात हे अध्याय, म्हणजे तेच डोंगरावरचं प्रवचन. तुमच्यासाठी ईयोब, घाई न करता, आणि भाकरी झाल्यावर.

महिनाभरानं गुरुजींना चहाला बोलवा. मुलगा घरी असेल अशी वेळ निवडा, पण त्याला मुद्दाम बसवू नका. गुरुजी काहीतरी विचारतील, तुम्हाला उत्तर येईलच असं नाही. नाही आलं तर मुलाला विचारा. आणि गुरुजींनी अध्येमध्येच पुस्तक परत केलं, "मला नाही रुचलं" म्हणाले, तरी वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्या भागवतात तुम्ही कुठवर आलात ते त्यांना सांगा.